जंगलातली वाट खचतेय, रुंदावतेय: खडी टाकण्याआधी काय बघायचं?

पाऊलवाट

राज्याच्या मालकीचं, लोकांना फिरायला खुलं असलेलं जंगल आहे असं धरा. त्यात लाकूडउत्पादन चालतं, पाणलोटाचं रक्षणही करायचं असतं. सुट्टीच्या दिवशी चालणारे, सायकलवाले आणि घोडेवाले एकाच वाटेवर असतात. अडीच किलोमीटरच्या वाटेचे तीन तुकडे तीन तऱ्हांनी बिघडलेत.

पहिला तुकडा २०० मीटरचा, सरळ चढाचा. चढ २० टक्के, आजूबाजूच्या डोंगराचा उतार २४ टक्के. मधोमध ४० सेंमी खोल घळ पडली आहे. त्यानंतर सपाटीवर कायम चिखल, आणि तो टाळून पडलेल्या तीन समांतर वाटा. शेवटी ओढ्याकाठी तंबू टाकायची जागा, जी दर मोसमात थोडी आणखी पसरते. भरीत भर म्हणजे वाटेलगतच्या कक्षात (जंगलाच्या एका आखलेल्या भागात) पुढच्या कोरड्या मोसमात विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं तोडणं, ठरली आहे.

स्वयंसेवकांचा प्रस्ताव असा: घळीत आणि चिखलात खडी ओतायची, समांतर वाटांच्या तोंडाशी "प्रवेश बंद" पाट्या लावायच्या. जाणकारांनी यातलं काय टिकेल, काय नाही ते सांगावं. आकड्यांसकट सांगितलंत तर उत्तम.

---

उतारमोजे

घळीत खडी टाकू नका. पहिल्या मोठ्या पावसात ती खालच्या सपाटीवर पोचेल. घळ पडली ती पाणी वाटेवरून वाहिल्यामुळे. पाय फक्त माती सैल करतात, वाहून नेतं पाणी.

पायवाटेच्या आखणीत एक ठोकताळा वापरतात: वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. तुमच्याकडे उतार २४ टक्के, म्हणजे वाट जास्तीत जास्त १२ टक्के. तुमची आहे २०. चढ उताराच्या इतका जवळ गेला की वाट म्हणजे ओघळच. पाण्याला वाट सोडून खाली जायला बाजूच उरत नाही. घळ झाल्यावर दोन्ही काठ वाटेपेक्षा उंच, मग तर प्रश्नच मिटला. अशा तुकड्याची दुरुस्ती होत नसते. तो सोडून नवी वाट काढावी लागते.

हिशोब सोपा आहे. २०० मीटरमध्ये २० टक्क्यांनी ४० मीटर उंची चढता. तीच उंची सरासरी ८ टक्क्यांनी चढायची तर ५०० मीटर वाट लागेल. सरासरी १० टक्क्यांच्या आत ठेवा. मधले छोटे तुकडे १५ पर्यंत चालतात, पण माती घट्ट किंवा खडकाळ असेल तरच. भुसभुशीत मातीत नाही.

मोजताना क्लायनोमीटरवर, म्हणजे चढ मोजायच्या उपकरणावर, दोन मापं असतात, अंश आणि टक्के. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. १० अंश म्हणजे १७.६ टक्के आणि ४५ अंश म्हणजे १०० टक्के. अंशांची पट्टी वाचून "१०, म्हणजे ठीक" म्हणणारा जवळजवळ दुप्पट चढाची वाट आखून मोकळा होतो. दोघांनी मिळून मोजायचं. सपाट जागी समोरासमोर उभं राहून आपल्या डोळ्याची पातळी दुसऱ्याच्या अंगावर कुठे येते ते ठरवून घ्यायचं आणि पुढे कायम त्याच खुणेवर नेम धरायचा. आखलेली वाट दाखवणाऱ्या फिती ३ ते ५ मीटरवर बांधा. आखणीत एक-दोन टक्के हातचे राखून ठेवा, कारण खोदताना वाट आखल्यापेक्षा थोडी जास्तच चढी होते.

---

टिकावकरी

सहमत. खोदाईबद्दल भर घालतो.

२४ टक्के उतारावर एक मीटर रुंदीची वाट पूर्ण कापून काढा, भराव करून नाही. कापलेली माती बाहेरच्या बाजूला टाकून त्यावर अर्धी वाट बसवायची पद्धत स्वस्त वाटते. पण तो भराव दाबला जात नाही, बाहेरचा काठ दोन-तीन पावसाळ्यांत खचतो आणि लोक आतल्या बाजूने चालायला लागतात. वाट पूर्ण कापलेली असेल तर पायाखाली डोंगराची मूळची घट्ट माती राहते.

बाहेरच्या बाजूला ५ टक्के कल द्या, म्हणजे मीटरभर रुंदीला ५ सेंमी. एक मीटरमध्ये डोंगर २४ सेंमी उतरतो, वाट ५ सेंमी उतरते. म्हणून आतल्या बाजूला काप येईल सुमारे १९ सेंमी. छेद त्रिकोणी असल्याने मीटरमागे साधारण ०.०९५ घनमीटर माती, ५०० मीटरला ४७-४८ घनमीटर. आतला काप तिरपा तासायची माती वेगळी. खोदल्यावर माती फुगते, त्यामुळे उचलायला याहून बरीच जास्त भरेल. हा आकडा मनुष्यबळ ठरवताना आधी मांडा. "एका रविवारी उरकू" म्हणणारे तो पाहून गप्प होतात.

वरचा पाला आणि काळी माती आधी खरवडून वरच्या बाजूला रचून ठेवायची, खाली फेकायची नाही. जुनी वाट बुजवताना तीच लागते. वाट मात्र खालच्या खनिज मातीवरच, म्हणजे पाला-मुळं नसलेल्या थरावरच, बसली पाहिजे. पाला कुजून बसलेल्या थरावर कितीही चोपलं तरी तो पाणी धरतो आणि लिबलिबीत राहतो.

हत्यारं: टिकाव, फावडं, करवत, आणि मिळाली तर पुलास्की. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला आडवं पातं, त्यामुळे मुळं तोडत खणता येतं. वणव्याच्या कामासाठी बनलेलं हत्यार आहे, पण वाटेच्या कामाला त्याहून बरं क्वचितच काही असेल. घमेल्यांपेक्षा जाड कापडाच्या झोळ्या बऱ्या, दोघांना तिरक्या उतारावर धरता येतात.

---

शेवाळ

घळ सोडून द्यायची हे पटलं, पण वाटेचे सगळेच चढे तुकडे बदलता येत नाहीत. तिथे आडवे ओंडके टाकतात तसे टाकले तर?

---

टिकावकरी

@शेवाळ, ते पाणबांध. शेवटचा उपाय म्हणून ठीक, पण बहुतेक ठिकाणी चुकीचे बसवलेले दिसतात.

ओंडका वाटेला काटकोनात टाकला की त्याच्यामागे पाणी थबकतं, गाळ बसतो, एका मोसमात बांध भरतो. मग पाणी त्यावरून उडी मारून खालच्या बाजूला खड्डा करतं. वाटेशी ४५ ते ६० अंशांचा कोन ठेवा, म्हणजे पाणी वेग न सोडता बाहेर जातं आणि गाळही सोबत नेतं. ओंडका दोन्ही बाजूंनी वाटेपलीकडे किमान ३० सेंमी जायला हवा, नाहीतर लोक टोकाला वळसा घालतात आणि पाणीही त्याच वळशाने जातं. दोन तृतीयांश जमिनीत पुरा. सायकलच्या चाकाला ओला तिरका ओंडका म्हणजे घसरगुंडी, हेही लक्षात ठेवा.

जिथे वाट उताराला आडवी जाते तिथे ओंडके नकोतच, मातीचा लांबट डिप करा. वाट उतरता उतरता थोडी पुन्हा चढते, त्या बदलाच्या जागी पाणी बाहेर पडतं. जुन्या वाटेवर तो असा करतात: बाहेरच्या काठाकडे उघडणारा अर्धगोल, सुमारे ३ मीटर लांब, मधोमध बाहेरच्या बाजूला १५ टक्के कल. निघालेली माती खालच्या अंगाला ३ ते ५ मीटर लांबीचा हलका चढ करून चोपायची. बाहेर पडायचं तोंड वाटेच्या रुंदीइतकं तरी रुंद हवं. अरुंद तोंड एका मूठभर पाल्याने बंद होतं. नव्या वाटेवर असे उलटे चढ आखणीतच घाला, ६ ते १५ मीटरवर एक. भुसभुशीत माती आणि जास्त चढ असेल तिथे जवळ, खडकाळ जागी लांब.

डिप फसतात कुठे? आखूड केले तर सायकलवाले त्यावरून उड्या मारतात आणि खालचा चढ झिजतो. तोंड थेट ओढ्यात सोडलं तर गाळ ओढ्यात जातो. पाणी पाचोळ्यातून, झुडपांतून पसरत जाऊ द्या. आणि बाहेरच्या काठाला चालून चालून जो मातीचा वरंबा तयार होतो तो कुणी काढत नाही. निम्म्या जुन्या वाटांना नवं काहीच लागत नाही, हा वरंबा फावड्याने तासून टाकला की पाणी आपोआप बाहेर जातं. स्वयंसेवकांना हे काम सांगितलं की नाराज होतात, फोटोत काही दिसत नाही म्हणून.

---

ओलगाळ

आता चिखलाच्या सपाटीवर.

फार चढी वाट जितकी वाईट तितकीच अगदी सपाट वाटही. सपाटीवर वाट चालून चालून दोन-चार सेंमी खाली बसली की ती आजूबाजूपेक्षा सखल होते आणि पाणी तिथेच थांबतं. निचरा करायला खालची बाजूच नाही. म्हणून पहिला पर्याय म्हणजे वाट सपाटीच्या कडेला, जिथे जमीन थोडी तरी उतरू लागते तिथे उचलून न्यायची. १० टक्के उतार मिळाला तरी पुरतो. सपाटी लहान असेल तर बहुतेक वेळा हे जमतं, पण कुणी शोधायचे कष्ट घेत नाही.

तसं जमत नसेल तर वाट उचलायची. दोन्ही कडांना ओंडके किंवा दगड लावून मध्ये भराव, दोन्ही बाजूंना चर, मधला भाग कडांपेक्षा किंचित उंच. क्रम असा: पाला आणि मुळं काढा, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरा, कडेचे ओंडके बसवा, मग भराव. कापड नसेल तर भराव खालच्या चिखलात मिसळतो आणि तुम्ही फक्त महागडा चिखल बनवता.

भरावाला नदीतली गोल खडी चालत नाही, ती पायाखाली सरकत राहते. फोडलेली, कोनदार, बारीक भुकटीसकट असलेली खडी घ्या. ओलसर करून ८-१० सेंमीच्या थरांत चोपा. बारीक भाग चाळून काढलेली स्वच्छ खडी दिसायला छान, पण कधीच बसत नाही. चरातली माती भरावात वापरायचा मोह होतो. ती वालुकामय असेल तर वापरा, चिकण असेल तर नाही.

खूप ओल असेल, जिवंत पाणथळ असेल, तर भरावही नको. तो झऱ्याचं पाणी अडवतो आणि वरच्या बाजूची झाडं बुडतात. तिथे फळ्यांची बुटकी साकवासारखी वाट करा, पाणी खालून जाऊ द्या.

एक सांगायचं राहिलं: खालून पाइप टाकून पाणी काढण्यापूर्वी दोनदा विचार करा. ४५ सेंमीपेक्षा कमी व्यासाचे पाइप पाल्याने आणि फांद्यांनी तुंबतात. तुंबला की पाणी वाट घेऊन जातं. जिथे कुणी दर मोठ्या पावसानंतर येऊन पाहणार नाही तिथे दगड बसवलेला उथळ पाण्याचा ओलांडा बरा.

---

उतारमोजे

+१. चिखलात लोक काठाने चालतात, काठ मोडतो, मग त्याच्याही काठाने. दर मोसमात रुंदी वाढते ती अशी. "चिखलातूनच चाला" ही पाटी नीतीच्या दृष्टीने बरोबर असेल, पण ती वाचून बूट भिजवणारे थोडेच.

---

कंपासपेटी

समांतर वाटा बंद करण्याबद्दल लिहितो, कारण पाट्यांच्या प्रस्तावाने डोकं फिरलं.

आधी हे समजून घ्या की वनस्पतींचं नुकसान आणि येणाऱ्यांची संख्या सरळ प्रमाणात नसतात. न तुडवलेल्या जागेवर पहिल्या थोड्याशा वर्दळीत बहुतेक नुकसान होऊन जातं. पुढे माणसं दुप्पट झाली तरी नुकसान थोडंच वाढतं. म्हणून गर्दीच्या जंगलात "सगळीकडे पांगा" हा सल्ला चुकीचा. एकाच मजबूत वाटेवर लोकांना गोळा करायचं. पांगणं फक्त तिथे चालतं जिथे जवळजवळ कुणी येत नाही.

दुसरं, मुख्य वाट चांगली झाल्याशिवाय बाजूची बंद करू नका. माणूस, सायकल, घोडा, सगळे सोपी वाट निवडतात. मुख्य वाटेत डबकं असेल तर ओंडका ओलांडून का होईना, बाजूने जातील.

मग बंद करताना सुरुवातीचा दिसणारा भाग, वळणापर्यंत किंवा १०-१५ मीटर, दिसेनासा करायचा. घट्ट झालेली माती कुदळीने १०-१५ सेंमी फोडा, नाहीतर बी रुजत नाही आणि पाणी मुरत नाही. उतार असेल तर दर काही मीटरवर आडवे, थोडे पुरलेले ओंडके घाला म्हणजे गाळ अडेल. हेच घळीतही करायचं. घळीतला प्रत्येक बांध इतका उंच हवा की त्याच्या माथ्याची पातळी वरच्या बांधाच्या पायथ्याशी जुळेल. त्याहून कमी असेल तर मधल्या जागेत पाणी पुन्हा खणतं. मधला भाग कडांपेक्षा सखल ठेवा, नाहीतर पाणी कडेने फोडून जातं. ही चूक अगदी सर्रास.

मग राखून ठेवलेली काळी माती, पाचोळा, आणि फांद्या. फांद्या नुसत्या आडव्या टाकल्या की त्या लगेच ओळखू येतात आणि बाजूला केल्या जातात. काही फांद्या उभ्या पुरा, झुडपासारख्या दिसतील अशा. जवळच्या जंगलातलीच रोपं ओल्या मोसमाच्या सुरुवातीला लावा. बाहेरून रोपं, माती, पेंढा आणू नका, त्यातून तण येतं.

पाटी लावायचीच तर एकच, आणि कारणासह: "माती बसवणं चालू आहे". नुसत्या "बंद"पेक्षा कारण दिलेली पाटी जास्त पाळली जाते.

---

रिकीब

घोड्यांना दोष येणार हे दिसतंय, म्हणून आधीच सांगतो. ओल्या वाटेवर घोडा नेणं मूर्खपणा आहे, कबूल. पण सायकलवाल्यांची चाकं तळाला जी सलग नाळी पाडतात त्यातून पाणी वाहतं, त्याचं काय?

---

चाकोरी

नाळीचं बरोबर आहे, ओल्या मातीत चाक सलग खाच पाडतं. पण प्रमाण पाहू. १९९४ साली मोंटानातल्या डोंगरी वाटांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला: चालणारे, घोडे, मोटरसायकली आणि सायकली वाटेवरून नेऊन, कृत्रिम पाऊस पाडून, किती गाळ सुटतो ते मोजलं. खुरांनी आणि पायांनी चाकांपेक्षा जास्त माती सैल केली, सर्वांत जास्त घोड्यांनी. यात आश्चर्य नाही. घोड्याचं वजन छोट्याशा खुरावर येतं, आणि खूर उचलताना माती उकरतो.

तरी "सायकली निर्दोष" असा निष्कर्ष मी काढणार नाही. सायकली एका फेरीत जास्त अंतर कापतात, आणि वळणापूर्वी ब्रेक लावून चाक घसरवतात तिथे खड्डे पडतात. त्यावर उपाय आखणीत आहे: तीव्र वळणाआधी वाट थोडी चढवा, वेग आपोआप उतरतो. सरळ लांब उतारानंतर अचानक वळण ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण, समोरून घोडा आला तर दोघांनाही.

वळणांचं म्हणाल तर डोंगरउतार १० टक्क्यांच्या आत असेल तर रुंद, चढत जाणारं गोल वळण चालतं. त्याहून तीव्र उतारावर सपाट चौथरा करून त्यावर वाट उलटी फिरवा, नाहीतर वळणाचा मधला भाग सरळ उताराचा होतो. दोन वळणं एकमेकांना दिसतील इतकी जवळ ठेवू नका. मधून काट मारतातच.

---

रिकीब

पटलं. मग नवीन वाट सगळ्यांना खुली ठेवायची तर नजर ३० मीटर तरी पुढे पोचेल असं वळणांवरचं झुडूप छाटा. घोडेस्वारासाठी वरची फांदी ३ मीटर उंचीपर्यंत मोकळी हवी. चालणाऱ्यांचं माप धरून छाटली की स्वार वाट सोडून बाजूने जातो, आणि पुन्हा तेच.

---

कक्ष क्र. १४

विरळणीबद्दल कुणी बोललंच नाही अजून. खरं तर या धाग्यातला सर्वांत मोठा निर्णय तोच आहे. नवी वाट विरळणीआधी बांधली आणि ती लाकूड ओढायच्या मार्गात आली, तर सगळं पुन्हा. आखणी आत्ता करा, खोदाई विरळणीनंतर. आणि फितींच्या नकाशासह ती आखणी विरळणीच्या करारात जाऊ द्या. करारात नाही ते यंत्रचालक पाळणार नाही, आणि का पाळावं त्याने?

करारात काय हवं: लाकूड ओढायचे मार्ग वाटेला फक्त ठरवलेल्या, खुणा केलेल्या ठिकाणी आणि काटकोनात ओलांडतील. ओलांडायच्या जागी फांद्यांचा ३० सेंमीहून जाड थर अंथरायचा आणि काम झाल्यावर उचलायचा. वाटेलगत १० ते १५ मीटरमध्ये तोडलेल्या फांद्यांचे ढीग नकोत. दिसायला वाईट हा एक भाग. मोठा धोका आगीचा, कारण माणसांमुळे लागणाऱ्या आगी वाटांच्या आणि तंबूंच्या आसपासच लागतात. वाटेजवळचे बुंधे जमिनीलगत कापायचे. माती ओली असेल तेव्हा काम बंद, आणि हे कुणी व कोणत्या खुणेवर ठरवायचं तेही लिहायचं. यंत्राच्या चाकांची खाच अमुक सेंमीपेक्षा खोल गेली की थांबा, असा आकडा असला की वाद होत नाहीत.

झाडं पडत असताना वाट बंद. पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणीही नको. पाटी फक्त तोडीच्या जागी लावली तर लोक दोन किलोमीटर चालून आल्यावर परत फिरत नाहीत. वाटेच्या दोन्ही सुरुवातींना लावा, पर्यायी वाट आणि तारीख लिहा. तारीख उलटून गेलेली पाटी काढा, नाहीतर पुढची कुणी मानत नाही.

काम संपल्यावर ओढायच्या मार्गांवर आडवे चर, घट्ट झालेली माती कोरडी असताना ३०-४५ सेंमी खोल फोडणं, तोंडाला ओंडके. हे राहिलं तर तो मार्ग पुढच्या मोसमात कुणाची तरी मोटरसायकलची वाट होतो.

आता धोक्याची झाडं. विरळणीनंतर उरलेली झाडं पहिली काही वर्षं वाऱ्याला नाजूक असतात, कारण दाटीत ती एकमेकांच्या आधाराने वाढलेली असतात. उंचीला छातीच्या उंचीवरच्या व्यासाने भागा, दोन्ही एकाच एककात. २० मीटर उंच, २० सेंमी जाड म्हणजे १००. सूचिपर्णी झाडांत ८० च्या वर गेलं की झाड हडकुळं समजायचं. वाटेकाठी अशी झाडं जास्त असतील तर एकदम मोकळं करू नका, दोन टप्प्यांत करा.

---

वाळवी

@कक्ष क्र. १४, वठलेली झाडं सरसकट तोडायची का मग?

---

कक्ष क्र. १४

अजिबात नाही. खाली माणूस थांबत नसेल तर झाड धोक्याचं नाही, नुसतं वठलेलं आहे. त्यात सुतार, घुबडं, वटवाघळं राहतात. धोका म्हणजे झाडातला दोष अधिक त्याखाली काय आहे ते. तंबूची जागा, बाकं, वाहनतळ, फलकासमोरची जागा, म्हणजे जिथे लोक थांबतात, तिथे झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरापर्यंतची झाडं दरवर्षी आणि मोठ्या वादळानंतर तपासा. नुसत्या चालून जायच्या वाटेवर वरवरची पाहणी पुरते.

काय बघायचं: बुंध्याशी अळंबीची फळं, मुळांजवळ उचललेली किंवा तडकलेली जमीन, नव्याने आलेला कल, वर अडकलेली तुटकी फांदी, दोन सारख्या जाड फांद्यांच्या बेचक्यात आत दबलेली साल. पोकळ खोडाला ठोकताळा असा की चांगल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी झाली की गंभीर. ६० सेंमी व्यासाच्या खोडाला साल सोडून ९ सेंमी. बाजूला ढोली उघडी असेल तर हा आकडा पुरेसा नाही. आणि अनेकदा झाड तोडण्यापेक्षा बाक हलवणं स्वस्त पडतं.

---

तंबूखुंटी

ओढ्याकाठची जागा तिथून हलवा. पाण्यापासून किमान ६० मीटर, मोठ्या माणसाची सुमारे ७० पावलं. पण "६० मीटरवर तंबू टाका" एवढं सांगून लोकांना सपाट मैदान दिलंत तर तिथेही तेच होईल. सपाट जागा पसरत जाते, कारण पसरायला अडथळा नाही.

त्यापेक्षा सौम्य उतारावर कापून ३ बाय ४ मीटरचे चौथरे करा, एकमेकांपासून आवाज पोचणार नाही इतके लांब. उतारच सीमा आखतो, कुंपण लागत नाही. बाहेरच्या बाजूला २-३ टक्के कल ठेवा म्हणजे तंबूखाली पाणी साचत नाही आणि लोक भोवती चर खणत नाहीत.

चूल परवानगीत असेल तर एका चौथऱ्याला एकच, खनिज मातीवर. बाकी दगडांची वर्तुळं दर फेरीत मोडून दगड विखरा. काजळी लागलेला एक दगड दिसला की तिथे दुसरी चूल होते. सरपण म्हणजे खाली पडलेलं, मनगटापेक्षा बारीक, हाताने मोडणारं. मोठे कुजके ओंडके मातीसाठी राहू द्या. आग विझवताना पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून राख हाताला गार लागेपर्यंत. कुजक्या पाल्याच्या जाड थरावर केलेली आग मातीखाली दिवसेंदिवस धुमसत राहू शकते आणि भलतीकडे बाहेर येते.

शौचासाठी पाण्यापासून ६० मीटरवर १५-२० सेंमी खोल खड्डा हा नियम तुरळक वापराला. रोज चार-पाच तंबू येत असतील तर त्या जागेभोवती मातीच उरत नाही. तिथे शौचालय बांधायलाच हवं.

---

कंपासपेटी

काम टिकलं की नाही हे कळायला आत्ताच, काम सुरू होण्याआधी, मोजमाप करून ठेवा. वाटेवर आडव्या छेदाच्या काही जागा निवडा. दोन्ही बाजूंना, तुडवल्या न जाणाऱ्या ठिकाणी, लोखंडी खुंट्या जमिनीबरोबर ठोका. त्यांच्यात टेप ताणून दर १० सेंमीवर टेपपासून जमिनीपर्यंतची खोली मोजा. दरवर्षी त्याच मोसमात. दोन वर्षांच्या छेदांच्या क्षेत्रफळातला फरक म्हणजे गेलेली माती. टेप सैल असेल तर मधे दोन-तीन सेंमीची चूक येते, म्हणजे तुमच्या सगळ्या निष्कर्षाएवढी.

माणसं मोजायला इन्फ्रारेड मोजणीयंत्र लावत असाल तर वाट अरुंद आहे आणि कुणी थांबत नाही अशा जागी, हलणाऱ्या फांद्यांकडे तोंड नको. शेजारी शेजारी चालणारे दोघे एक मोजले जातात. काही तास स्वतः बसून मोजा आणि गुणक काढा, त्याशिवाय ते आकडे बैठकीत दाखवू नका.

"या जंगलाला किती माणसं झेपतात?" असा एकच आकडा मागितला जाईल. वहनक्षमतेची ती कल्पना १९६० च्या दशकात मनोरंजनाच्या जागांना लावली गेली आणि असा जादुई आकडा हाती लागत नाही हेही कळत गेलं. अमेरिकेच्या वनसेवेने १९८५ मध्ये मांडलेली पद्धत प्रश्न उलटा करते: किती बदल चालेल? म्हणजे वाटेची रुंदी १.५ मीटरपेक्षा जास्त नको, उघडी मुळं इतक्या टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं आधी ठरवायचं. मर्यादा ओलांडली की काय करायचं हेही आधीच ठरवायचं. गर्दी कमी करणं हा त्यातला एक उपाय, आणि बऱ्याचदा शेवटचा.

---

ओलगाळ

वाटेच्या सुरुवातीला बूट आणि टायर घासायचा ब्रश लावा, तणांच्या बिया त्यातूनच येतात. मातीतून पसरणारा रोग असेल तर ही गोष्ट ऐच्छिक राहत नाही. न्यूझीलंडमध्ये कौरी झाडांच्या मुळांना लागणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू बुटांना चिकटलेल्या मातीतून पसरतो. २०१८ मध्ये ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगररांगेतलं जंगल त्यासाठी बंद करावं लागलं. नंतर वाटा कोरड्या, उंचावलेल्या करून टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या. स्वच्छतेचा क्रम महत्त्वाचा: आधी माती पूर्ण घासून काढा, मग जंतुनाशक. चिखलावर फवारलेलं औषध आतल्या मातीपर्यंत पोचत नाही. हत्यारांनाही हेच लागू, एका जंगलातून दुसऱ्यात नेताना.

---

पाऊलवाट

भरपूर मिळालं. खडीचा प्रस्ताव मागे घ्यायला सांगतो. क्रम असा लावतोय: छेदांची मोजणी आणि आखणी आत्ता, विरळणीच्या करारात नोंद, विरळणी, मग नवी ५०० मीटर खोदाई, सपाटीवरची वाट कडेला हलवणं, शेवटी घळ आणि समांतर वाटा बुजवणं. तंबूचे चौथरे स्वतंत्रपणे. एकच शंका: विरळणी कोरड्या मोसमात, लगेच मागोमाग खोदाई केली तर माती पार कोरडी असेल. चालेल?

---

टिकावकरी

खोदाई चालेल, चोपणं नाही. कोरडी माती चोपून दबत नाही, भुकटी होऊन उडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. खोदाई करून ठेवा, पण डिपचे चढ आणि बाहेरचा कल यांचं शेवटचं चोपणं थोडी ओल आल्यावर. मूठभर माती दाबून पाहा: गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला तर योग्य. भुगा झाला तर कोरडी, बोटाला चिकटली तर जास्त ओली. तोवर वाट खुली करू नका. न चोपलेल्या वाटेवर पहिल्या आठवड्यात गर्दी आली तर मधोमध खोलगट होते आणि तुमचा ५ टक्के कल गेला.

घळ बुजवायचं काम मात्र नवी वाट खुली होईल त्याच दिवशी सुरू करा. दोन्ही वाटा शेजारी शेजारी उघड्या राहिल्या तर लोक उतरताना जुनीच धरतील, आणि सायकलवाले तर नक्कीच. @चाकोरी, राग मानू नये.

---

चाकोरी

राग कसला, खरंच आहे. नव्या वाटेचं तोंड जुन्या वाटेच्या सरळ रेषेत येईल असं वळवा आणि जुनीचं तोंड काटकोनात पाडा. वेगात येणारा सरळ दिसेल तिकडेच जातो. जोडाच्या जागी १०-१२ मीटरचा तुकडा यासाठी मुद्दाम नव्याने आखावा लागेल, तो तुमच्या ५०० मीटरच्या हिशोबात धरलेला नाही.